लेण्याद्रीच्या अंधारात कॅमेऱ्याला काय दिसते

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मज गणपतीचे दर्शन घेतले की बरेच जण शेजारच्या सहाव्या लेण्यात डोकावतात. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत पाऊल टाकताच प्रथम काहीच दिसत नाही. हळूहळू दोन्ही बाजूंचे खांब उमटू लागतात, मग कमानदार छताच्या दगडी फासळ्या, आणि सगळ्यात शेवटी मागच्या टोकाला असलेला स्तूप. पाच-दहा मिनिटे शांत उभे राहिले तर त्या स्तूपाच्या अंडावर, म्हणजे घुमटाकार भागावर, पडलेला उजेड एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ आहे, इतकेही कळते. मग फोन किंवा कॅमेरा बाहेर निघतो आणि पडद्यावर येते ते हललेले, पुसट, दाणेदार चित्र. दार पांढरेफटक, स्तूप गायब.

डोळ्याला जे इतके स्वच्छ दिसते, ते यंत्राला का दिसत नाही? आणि शेजारी उभ्या असलेल्या एखाद्याच्या कॅमेऱ्यात, फ्लॅश न वापरता, तोच स्तूप नीट कसा येतो? त्याच्या कॅमेऱ्यावर बहुधा मोठ्या छिद्राची लेन्स असते, छायाचित्रकार जिला ‘फास्ट लेन्स’ म्हणतात ती. पण लेन्स हे उत्तराचे अर्धेच अंग आहे. उरलेले अर्धे लेण्याच्या रचनेत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

उजेडाला एकच वाट

जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडीचे तीन गट, शिवनेरीच्या कड्यांतली लेणी. भारतात एका गावाभोवती इतकी लेणी दुसरीकडे नाहीत. नाणेघाटातून कोकणात उतरणारा व्यापारी मार्ग इथून जात होता आणि त्या व्यापाऱ्यांच्या दानातून यातली बरीच लेणी उभी राहिली. त्यांतली चैत्यगृहे म्हणजे भिक्षूंची आणि उपासकांची प्रार्थनेची जागा. लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यांच्या मागे अरुंद वाट, दुसऱ्या टोकाला अर्धवर्तुळ आणि तिथे स्तूप. युरोपातून आलेल्या जेम्स फर्ग्युसनसारख्या अभ्यासकांना हा आराखडा पाहताच चर्चची आठवण झाली आणि त्यांनी तसे लिहूनही ठेवले. मधले दालन, बाजूच्या वाटा, टोकाचे अर्धवर्तुळ हे दोन्हीकडे आहे.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र दोघांत मोठा फरक आहे. जुन्या गोव्यातले सी कॅथेड्रल घ्या. तिथे दोन्ही भिंतींना खिडक्या आहेत आणि आतून भिंती पांढऱ्या आहेत. चुन्याची पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग परत फेकते. तो समोरच्या भिंतीवर जातो, तिथून पुन्हा परततो, आणि असे होत होत खिडकीतून आलेला थोडा उजेड कित्येक वेळा कामाला येतो. सह्याद्रीचा बेसाल्ट काळा. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला फार थोडा भाग परत येतो, बाकीचा दगड गिळून टाकतो. त्यामुळे लेण्यात आलेला प्रकाश साधारण एकदाच वापरला जातो.

त्यातही कार्ल्याचे नशीब चांगले. तिथल्या चैत्यगृहाला दर्शनी भिंतीत वर प्रचंड कमानदार खिडकी आहे आणि सुमारे ३८ मीटर खोल दालनाच्या टोकाच्या स्तूपापर्यंत तिचा उजेड पोचतो. जुन्नरला तसे नाही. मानमोडीच्या भूतलिंग गटातल्या चैत्यगृहाची कमान पाहा. खिडकी असायची त्या जागी गजलक्ष्मीचे शिल्प कोरलेले आहे. शिल्प अप्रतिम आहे, पण वाट बंद. लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यातही उजेड मुख्यतः दारातून येतो. एका दारातून येणारा उजेड आत जाता जाता फार झपाट्याने कमी होतो. दारापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड साधारण चौथाई उरतो, तिप्पट झाले की नववा हिस्सा. हे लेणे सुमारे १३ मीटर खोल आहे आणि स्तूप अगदी मागे. सगळ्यात महत्त्वाची वस्तू सगळ्यात अंधाऱ्या जागी!

आणखी एक गोष्ट फोटो काढणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. स्तूपाकडे तोंड करून आपण दारात उभे राहतो तेव्हा उजेडाच्या एकमेव वाटेत आपणच उभे असतो. चार माणसे दारात दाटली की आतला उजेड निम्म्यावर येऊ शकतो. दाराच्या चौकटीला टेकून, एका बाजूला सरकून उभे राहणे हा कोणत्याही लेन्सच्या आधीचा उपाय आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

डोळ्याची लबाडी

भर दुपारच्या उन्हात जमिनीवर साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो. लक्स हे एखाद्या पृष्ठभागावर किती उजेड पडतो ते मोजण्याचे एकक. घरात संध्याकाळी दिवा लावून आपण बसतो तिथे शंभर-दोनशे लक्स असतात. खोल लेण्याच्या टोकाला दहा लक्स मिळाले तरी बरे म्हणायचे. म्हणजे ओसरीतून आत आल्यावर पंधरा-वीस पावलांत प्रकाश दहा हजार पटींनी घटतो.

डोळा हा फरक पचवतो तो तीन मार्गांनी. बाहुली दोन-तीन मिलिमीटरवरून सात-आठ मिलिमीटरपर्यंत रुंदावते, पण त्याने उजेड फार तर दहा-बारा पट वाढतो. मोठे काम डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी करतात. अंधारात त्यांच्यातले प्रकाशग्राही रंगद्रव्य पुन्हा साठत जाते आणि त्या अधिकाधिक संवेदनशील होतात. ही क्रिया पुरी व्हायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो, म्हणूनच लेणे ‘उलगडत’ जाते. तिसरा मार्ग मेंदूचा. आपण दाराकडे पाहतो तेव्हा डोळा दारापुरता जुळवून घेतो, स्तूपाकडे पाहतो तेव्हा स्तूपापुरता, आणि मेंदू हे तुकडे जोडून एक सलग दृश्य तयार करतो. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. दार आणि स्तूप त्याला एकाच क्षणी, एकाच मापाने टिपायचे असतात.

पागोळ्यांखालची भांडी

कॅमेरा उजेड कसा गोळा करतो, ते मावळातल्या कोणत्याही घरात पावसाळ्यात कळेल. अंगणात भांडी मांडली आहेत आणि पाऊस पडतो आहे असे समजा. भांड्यात किती पाणी साठेल हे तीन गोष्टींवर ठरते. पाऊस किती जोराचा आहे, भांड्याचे तोंड किती रुंद आहे, आणि भांडे किती वेळ बाहेर ठेवले आहे. पावसाचा जोर म्हणजे लेण्यातला उजेड, तो आपल्या हातात नाही. तोंडाची रुंदी म्हणजे लेन्सचे छिद्र. बाहेर ठेवण्याचा वेळ म्हणजे शटर किती काळ उघडे राहते तो काळ. लेण्यात पाऊस झिमझिम आहे. मग एकतर लोटा बराच वेळ ठेवा, नाहीतर परात आणा.

बराच वेळ ठेवायला हरकत काय? हरकत हाताची आहे. शटर उघडे असताना हात जरा जरी हलला तरी स्तूपाची कड फराटलेली येते. जुना ठोकताळा असा की लेन्सचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर असेल तर शटर १/५० सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडे ठेवू नये, २४ मिलिमीटर असेल तर १/२५. नाभीय अंतर म्हणजे लेन्सपासून दूरच्या वस्तूची प्रतिमा जिथे स्पष्ट उमटते तिथपर्यंतचे अंतर. ते जितके कमी तितके दृश्य रुंद आणि हाताच्या थरथरीला क्षमा जास्त. हल्लीच्या कॅमेऱ्यांत थरथर शोषणारी यंत्रणा असते, तिने ही मर्यादा बरीच सैल झाली आहे. पण दर्शनाला आलेली माणसे हलतातच, त्यांना ती यंत्रणा थांबवू शकत नाही.

तिसरी कळ आयएसओची. हा आकडा वाढवला की चित्र उजळते, म्हणून तो वाढवला की कॅमेऱ्यात जास्त प्रकाश येतो असा समज आहे. तसे होत नाही. भांड्यात पाणी तेवढेच असते, फक्त आपण ते मोजायला बारीक खुणांची पट्टी घेतो. थोडे पाणीही मोठा आकडा दाखवते, आणि त्याबरोबर मोजण्यातली चूकही मोठी होते. तिच्याकडे पुढे येऊ.

आकडा लहान, तोंड मोठे

लेन्सवर १.८, २, २.८, ४, ५.६ असे आकडे असतात. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. त्याला एफ-आकडा म्हणतात. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ २ असेल तर छिद्र २५ मिलिमीटर रुंद. तेच एफ ५.६ वर जेमतेम ९ मिलिमीटर. आकडा भागाकारात आहे, म्हणून तो लहान तर छिद्र मोठे. उजेड छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतो, त्यामुळे २ आणि ५.६ यांच्यातला फरक तिपटीचा नसून आठपटीचा आहे. २ वरून २.८, २.८ वरून ४, ४ वरून ५.६ अशा प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो.

छायाचित्रणाच्या सुरुवातीपासून हीच ओढ आहे. १८४० साली योसेफ पेट्झवाल या गणितज्ञाने व्हिएन्नात आकडेमोड करून सुमारे एफ ३.६ ची लेन्स रचली. त्याआधीच्या लेन्सपेक्षा ती कितीतरी पट जास्त उजेड घेई आणि माणसाला मिनिटा-मिनिटांऐवजी काही सेकंदच स्थिर बसावे लागे. १९६० च्या दशकात झाइस कंपनीने अमेरिकेच्या नासासाठी ५० मिलिमीटर, एफ ०.७ ची लेन्स बनवली. पुढे स्टॅन्ली कुब्रिक या दिग्दर्शकाने तिच्या मदतीने ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटातली काही दृश्ये केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केली. आपल्याला इतके लांब जायला नको. ५० मिलिमीटर, एफ १.८ ही बहुतेक कॅमेरा कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक असते आणि अंधाऱ्या लेण्यात ती कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या झूम लेन्सला सहज मागे टाकते.

चौकट : एका स्तूपाचा हिशेब

स्तूपावर १० लक्स उजेड आहे असे धरू.

आयएसओ १००, एफ ५.६ : शटर सुमारे ८ सेकंद. हातात धरून अशक्य.

आयएसओ १००, एफ २ : सुमारे १ सेकंद. तरीही हातात धरून अशक्य.

आयएसओ ३२००, एफ ५.६ : सुमारे १/४ सेकंद. थरथर रोखणारी यंत्रणा आणि रोखलेला श्वास असेल तर कदाचित.

आयएसओ ३२००, एफ २ : सुमारे १/३० सेकंद. रुंद लेन्स असेल तर निर्धास्त.

मिळते ते फुकट नाही

मोठ्या छिद्राची किंमत खोलीत मोजावी लागते. लेन्स नेमकी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट दाखवते, तिच्या पुढचे-मागचे हळूहळू पुसट होते. ज्या पट्ट्यात हा पुसटपणा डोळ्याला जाणवत नाही तो आपल्या कामाचा. छिद्र मोठे केले की हा पट्टा अरुंद होतो. मोठ्या, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर संवेदकाच्या (सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर लेन्स एफ २ वर ठेवून तीन मीटरवरच्या खांबावर फोकस केला, तर स्पष्ट पट्टा फक्त एक हातभर असतो. खांब येतो, मागचा स्तूप विरघळतो.

हा पेच सगळ्यात जास्त जाणवतो तो तुळजा लेण्यात. जुन्नरच्या पश्चिमेला, पाडळीजवळच्या डोंगरात हा गट आहे. त्यातले चैत्यगृह वर्तुळाकार आहे. मध्ये स्तूप, भोवती बारा साधे अष्टकोनी खांब, वर घुमटासारखे छत. भारतात असे लेणे जवळपास एकमेव म्हणावे लागेल, आणि ते इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. व्यास आठ मीटरच्या आतबाहेर. भिंतीला पाठ लावून उभे राहिले की पहिला खांब हाताच्या अंतरावर, स्तूप तीन-चार मीटरवर, पलीकडचे खांब सहा-सात मीटरवर. एफ २ वर हे सगळे एकदम स्पष्ट येत नाही. इथे छायाचित्रकाराला ठरवावे लागते की चित्र कशाचे आहे. माझे मत असे की तुळजाला स्पष्टता स्तूपाला द्यावी आणि जवळचा खांब खुशाल पुसट होऊ द्यावा. प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या उपासकाची नजर जिथे जाई तिथेच लेन्सचीही जावी.

लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यात मात्र रुंद लेन्स या पेचातून चांगली सुटका करते. नाभीय अंतर २४ मिलिमीटर, एफ २, आणि फोकस साडेनऊ मीटरच्या आसपास. इतके केले की साधारण पाच मीटरपासून पुढचे सगळे, म्हणजे मधले-मागचे खांब, छताच्या फासळ्या आणि स्तूप, पुरेसे स्पष्ट येते. अंधारात कॅमेऱ्याचा स्वयंचलित फोकस बऱ्याचदा चाचपडत राहतो, म्हणून स्तूपाच्या उजेड-सावलीच्या कडेवर फोकस धरून तो तिथेच स्थिर करावा.

दुसरी किंमत कोपऱ्यांची. छिद्र पूर्ण उघडे असताना चित्राचे कोपरे काळवंडतात आणि थोडे मऊ येतात. एक पायरी बंद केले, १.८ ऐवजी २.५ वर आणले, की बरीच सुधारणा होते. सरळ रेषेतल्या खांबांच्या रांगा टिपताना हे विसरू नये.

दाणे कुठून येतात

पुन्हा अंगणात जाऊ. झिमझिम पावसात शेजारी शेजारी दोन वाट्या क्षणभर ठेवल्या तर एकीत नऊ थेंब पडतील, दुसरीत तेरा. पाऊस सारखाच आहे, पण थेंब मोजून पडत नाहीत. तासभर ठेवल्या तर दोघींतले पाणी जवळजवळ सारखे दिसेल. प्रकाशही असाच कणाकणाने येतो. संवेदकाच्या एका बिंदूवर सरासरी १०० कण पडणार असतील तर प्रत्यक्षात १० कमी-जास्त होणारच, म्हणजे दहा टक्के चढउतार. १०,००० पडणार असतील तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त एक टक्का. सपाट काळ्या भिंतीवर दिसणारे दाणे म्हणजे मुख्यतः हा चढउतार. आयएसओ वाढवल्याने तो जन्मत नाही, फक्त उघडा पडतो. खरे कारण कमी उजेड.

फोनची अडचणही इथेच कळते. फोनच्या लेन्सवरही एफ १.८ असे लिहिलेले असते. पण तिचे नाभीय अंतर पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्ष छिद्र तीन मिलिमीटरचे. तितकेच रुंद दृश्य दाखवणाऱ्या २४ मिलिमीटर, एफ १.८ लेन्सचे छिद्र तेरा मिलिमीटरहून मोठे. तोंडाच्या क्षेत्रफळात जवळपास वीसपटीचा फरक. फोन बनवणाऱ्यांनी त्यावर हुशार तोड काढली आहे. रात्रीच्या मोडमध्ये फोन एकापाठोपाठ अनेक चित्रे घेतो, त्यांतली थरथर जुळवतो आणि सगळ्यांची बेरीज करतो. चार चित्रे मिळवली की दाणे निम्मे होतात, सोळा मिळवली की चौथाई. स्तूप हलत नाही, म्हणून लेण्यात ही युक्ती फार चांगली चालते. फक्त काही फोन नंतर दाणे पुसण्याच्या नादात छिन्नीचे घावही पुसून टाकतात आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा दगड प्लास्टिकसारखा गुळगुळीत दिसतो. मला दाणे चालतात, हे चालत नाही. घावाचे ठसे हा त्या कारागिरांचा एकमेव दस्तऐवज आहे.

मंद उजेडाला घाबरायचे नाही, हे महाराष्ट्रात दाखवून दिले बिनॉय बहल यांनी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रे फ्लॅशचा भडिमार न करता अत्यंत क्षीण प्रकाशात टिपली आणि अंधारात बुडालेले रंग जगासमोर आले. त्याच्या सव्वाशे वर्षांपूर्वी मेजर रॉबर्ट गिल यांनी लेण्यांची छायाचित्रे घेतली, ती फर्ग्युसनच्या १८६४ च्या ग्रंथात आहेत. त्या काळी काचेवर ओले रसायन पसरून, ते वाळायच्या आत चित्र घ्यावे लागे. मिनिटे मोजण्याची मुभाही मर्यादित होती!

काळा दगड काळाच राहू द्या

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक असे गृहीत धरतो की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे. चौकटीत नुसता बेसाल्ट असेल तर तो काळ्या दगडाला राखाडी करायला निघतो, विनाकारण शटर लांबवतो आणि लेण्याचा काळोख धुऊन काढतो. अशा वेळी उजेडाची दुरुस्ती एक पायरी उणे करावी. शटर निम्म्या वेळेत मिटते, हात स्थिर राहतो आणि दगडाचा खरा रंगही मिळतो.

पण चौकटीत दार आले की उलट होते. उजळ दारामुळे मापक दबतो आणि बाकीचे सगळे काळे येते. दारातले ऊन आणि मागचा कोपरा यांत दहा हजार पटींचा फरक, आणि चांगल्या कॅमेऱ्याची झेपही साधारण तेवढ्यावरच संपते. दोन्ही हवे असेल तर कॅमेरा स्थिर ठेवून दोन-तीन वेगवेगळ्या उजेडांची चित्रे घ्यावीत आणि नंतर जोडावीत. नाहीतर दाराला पांढरे होऊ द्यावे. दोन्हीकडे थोडे थोडे फसलेले चित्र मात्र कुणाच्याच उपयोगाचे नसते.

सातव्या लेण्यात, गिरिजात्मजाच्या दालनात, रंगाचाही प्रश्न येतो. सुमारे सतरा मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद असलेल्या या विहारात मध्ये एकही खांब नाही. पुढून दिवसाचा निळसर उजेड येतो, आतून समईचा नारिंगी. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम ‘पांढरे’ करता येत नाहीत. दिवसाच्या उजेडाला प्रमाण मानून समई नारिंगी राहू द्यावी, कारण ती तशीच असते. फोटो काढण्यापूर्वी तिथे विचारावे, हे सांगायला नकोच. इकडे आंबेगावातून घोडेगाव-डिंभे मार्गाने वर भीमाशंकरला गेलात तर तिथला गाभारा सभामंडपापेक्षा खाली आणि दिवसाही अंधारा आहे. तो डोळ्यांनीच पाहायचा. कॅमेऱ्यासाठी बाहेर मोठी घंटा आहे, चिमाजी अप्पांनी १७३९ च्या वसई विजयानंतर आणलेली समजली जाणारी, मूळची पोर्तुगीज चर्चमधली.

फ्लॅश का नको

फ्लॅशचा उजेडही दारासारखाच अंतराने ढासळतो. तीन मीटरवरच्या खांबाला जेवढा मिळतो त्याचा नववा हिस्सा नऊ मीटरवरच्या स्तूपाला. खांब पांढरा, स्तूप काळा. शिवाय फ्लॅश कॅमेऱ्याच्या कपाळावरून समोर आदळतो, त्यामुळे सावल्या वस्तूच्या मागे लपतात. अष्टकोनी खांबाच्या आठ बाजू आपल्याला कळतात त्या एकीवर उजेड आणि शेजारचीवर सावली असते म्हणून. फ्लॅशने आठही सपाट होतात. आणि आत वटवाघळे असतात, कड्यांवर आग्या मोहोळे असतात. शिवनेरी-मानमोडीच्या वाटेवर फिरणाऱ्यांना ती चांगलीच ठाऊक आहेत. त्यांना शांत राहू द्यावे.

सूर्य कुठे असतो

लेण्याद्रीची लेणी दक्षिणेकडे तोंड करून आहेत आणि जुन्नर १९ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी बाराला सूर्य दक्षिणेला सुमारे ४७ अंशांवर असतो. दार जितके उंच, जवळपास तितक्या अंतरापर्यंत ऊन आत येते आणि तिथल्या जमिनीवरून वर उसळून छत उजळते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा दक्षिणमुखी लेण्यात भर दुपारी उन्हाचा कवडसाही शिरत नाही. म्हणून लेण्याद्रीचा हंगाम हिवाळा आणि वेळ दुपार. शिवनेरीच्या पूर्वेकडच्या लेण्यांसाठी सकाळ. पावसाळ्याचाही एक फायदा आहे. ढगांमुळे बाहेरची झळाळी उतरते, दार आणि स्तूप यांच्यातला फरक घटतो, आणि एकाच चित्रात दोन्ही मावू शकतात.

केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडसाठी आधी परवानगी लागते. पण जमीन कुणाचीही परवानगी न मागता स्थिर असते. खिरेश्वरच्या नागेश्वर मंदिरात किंवा पूरच्या कुकडेश्वराच्या मंडपात छत टिपायचे असेल तर पिशवीची घडी करून कॅमेरा तोंड वर करून तिच्यावर ठेवावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि हात काढून घ्यावा. आयएसओ १००, एफ ८, शटर पंधरा-वीस सेकंद. इथे फास्ट लेन्सची गरजच उरत नाही, दाणेही नाहीत. वस्तू हलत नसेल आणि कॅमेरा हलणार नसेल तर वेळ हाच सगळ्यात स्वस्त उजेड.

शिलालेखांना मात्र उजेड किती यापेक्षा तो कोणत्या बाजूने येतो हे महत्त्वाचे. सहाव्या लेण्यावर कल्याणच्या सुलसदत्ताच्या दानाचा लेख आहे, मानमोडीत क्षत्रप राजा नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा, ४६ हे वर्ष नोंदवलेला. ब्राह्मी अक्षरांचे घाव उथळ आहेत. समोरून उजेड आला तर ती दगडात मिसळून जातात, भिंतीला घासून तिरपा आला तर प्रत्येक घावाची एक कड उजळते आणि दुसरी काळी होते. म्हणून सूर्य कलता असतानाची वेळ धरावी आणि तोच लेख सकाळी एकदा, दुपारनंतर एकदा टिपावा, कारण एका उजेडात हरवलेली मात्रा दुसऱ्यात सापडते. अक्षरांत खडू भरणे किंवा पाणी मारणे ही जुनी खोड आहे, तिने दगड झिजतो. आणि चित्रासोबत लेण्याचा क्रमांक, भिंत, तारीख, वेळ, लेन्स आणि एफ-आकडा लिहून ठेवावा. इथला दगड दर पावसाळ्यात थोडा थोडा सुटतो आहे. दहा वर्षांनी कुणी त्याच जागी, त्याच वेळी, त्याच लेन्सने पुन्हा चित्र घेतले, तर किती सुटला हे त्या दोन चित्रांवरून मोजता येईल.